फुटबॉलचा सालगडी

माझा उजवा गुडघा पूर्ण दुमडत नाही. पंगतीत मी पाय लांब सोडून बसतो, आणि एखादा वाढपी 'पाय जरा आत घ्या' म्हणाला की माझा पारा चढतो. बायको म्हणते, एवढ्यातेवढ्यावरून लोकांच्या अंगावर जाता. जातो. या गुडघ्यापायी मी एका शेठजीच्या, भरल्या चावडीच्या आणि खुद्द माझ्या बापाच्या अंगावर गेलेलो आहे, तिथं वाढप्याची काय कथा!

लोक विचारतात, बैलानं मारलं का? विहिरीत पडला होतात का? मी सांगतो, फुटबॉल खेळताना मोडला. मग ते हसतात. बारामतीत, आणि तेही इंग्रजाच्या अमलात, फुटबॉल? त्यावर मी सांगतो की नुसता हौसेनं खेळत नव्हतो, त्या खेळावर माझं पोट होतं, मी फुटबॉलचा सालगडी होतो. मग तर त्यांचं हसू आवरत नाही. हसा. पण सगळं ऐकून घ्या आणि मग हसा.

फुटबॉल आमच्याकडं आणला एका हवालदारानं. पहिल्या महायुद्धात तो बसऱ्याला होता. पेन्शन घेऊन बारामतीला परतला तेव्हा त्याच्या ट्रंकेत एक चामड्याचा चेंडू, एक शिट्टी आणि हवा भरायचा पंप होता. कऱ्हेच्या वाळवंटात तो जमतील त्या पोरांना पळवायचा. मी पिंपळीचा. मराठी सातवी पास झालो होतो आणि पुढं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. कॅनॉलच्या पाण्यावर बापानं वाट्यानं केलेल्या रानातली वांगी-मिरची घेऊन मी बारामतीच्या बाजारात यायचो, आणि पाटी रिकामी झाली की नदीवर पळायचो. हवालदारानं मला उजव्या कडेला उभं केलं. म्हणाला, तुला डोकं नाही, पण पाय आहेत. मला तेवढं पुरे होतं.

गावात एक शेठजी होते, त्यांचं जिन होतं. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. शेठजी एकदा मुंबईला गेले आणि तिथल्या गिरण्यांच्या टीमांचा सामना बघून आले. गिरणी माणसाला पोसते आणि माणूस गिरणीसाठी खेळतो, ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली. आल्या आल्या त्यांनी हवालदाराला बोलावलं आणि अकरा गडी निवडायला सांगितलं. आता निवडलेल्या माणसाशी करार कसा करायचा? पगारी खेळाडू ही काय चीज असते, हे ना त्यांना ठाऊक, ना आम्हाला. आमच्या मुलखात माणूस बांधून घ्यायची एकच रीत सगळ्यांना तोंडपाठ होती, ती सालगड्याची. शेठजींनी तीच उचलली. पाडव्याच्या दिवशी त्यांच्या अंगणात आम्ही अकराजण ओळीनं उभे राहिलो, एकेकानं पुढं होऊन विडा उचलला, आणि आम्ही पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत त्यांचे झालो.

सालगड्याला जे जे मिळतं ते सगळं आम्हाला मिळालं. धान्य, दोन धोतरं, एक घोंगडी आणि वहाणांचा जोड. आम्ही घोट्याला फडक्याच्या पट्ट्या बांधून अनवाणी खेळणारे, पण वहाणा दिल्याच, कारण गड्याला वहाणा द्यायच्या असतात. शेठजी म्हणाले, "सांगीन ते करायचं. खेळ म्हणलं की खेळायचं, जिनात हात कमी पडला तर तितं लागायचं." आम्ही माना डोलावल्या. सकाळी जिनात वरकाम करायचं आणि दुपार कलली की जिनमागच्या मैदानात चेंडू. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

माझ्या बापाला, आबाला, ते फारसं पटलं नव्हतं. वाट्यानं रान मिळायच्या आधी आबा बारा सालं एका वाड्यावर गडी होता आणि त्या बारा सालांत त्याचा एकही खाडा नव्हता. खाडा म्हणजे कामावर न आल्याचा दिवस. जितके खाडे पडतील तितके दिवस साल संपल्यावर भरून द्यायचे, त्याशिवाय गडी सुटत नाही. मालकाच्या कामात हातपाय दुखावला तर मात्र खाडा धरत नाहीत. आपल्या हौशीपायी दुखावला, जत्रेत कुस्ती खेळून खांदा निखळला, तर धरतात. आबा मला म्हणाला होता, "विडा उचललास, आता साल मोडू नगंस. मोडल्यालं साल जलमभर चिकटतं." मी म्हणालो, "खेळायचं तर हाय आबा, त्यात मोडायचं काय?" माझ्या तोंडाला तेव्हा लगाम नव्हता. आजही नाही.

ते साल झकास गेलं, निदान पौषापर्यंत. दौंडची रेल्वेची पोरं आली, त्यांना आम्ही हरवलं. बाजारच्या दिवशी लोक मला बोट दाखवून एकमेकांना सांगायचे, हा तो कडेनं पळणारा. वांगी विकताना मला कुणी ओळखत नव्हतं. खोटं कशाला बोलू, छाती फुगायची.

पौषात आम्ही इंदापूरला गेलो. तिथली टीम एका वकिलांनी उभी केली होती, आणि बारामती-इंदापूर हा सामना म्हणजे दोन्ही गावांच्या नाकाचा प्रश्न. मैदान कसलं, बाजरी काढलेलं काळं रान होतं, वरवर दाबून घेतलेलं. काळ्या रानाला थंडीत भेगा पडतात. दुसऱ्या हाफला चेंडू घेऊन मी कडेनं निघालो आणि माझा पाय अशा एका भेगेत गेला. मी थांबलो, त्यांचा बॅक थांबला नाही, तो सगळा माझ्या अंगावर आला. आमचा गोली मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. गुडघ्याचा आवाज तिथपर्यंत आला असं तो पुढं नेहमी सांगायचा. मला आवाज आठवत नाही. पाय भलतीकडं वळलेला दिसला, एवढं आठवतं.

परतीचं जे झालं ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. आम्ही जिनच्या लॉरीतनं गेलो होतो. शेठजींनी इंदापुरात कापूस घेऊन ठेवला होता आणि येताना लॉरीत तो भरला. गडी पोत्यांवर बसून गेले. मला आडवं ठेवायला जागा नव्हती. शेठजी म्हणाले, "हितंच ऱ्हा, पुढच्या खेपंला नेतो." पुढची खेप झालीच नाही. ज्यांच्याशी खेळायला आलो होतो त्या इंदापूरकरांनी मला उचललं आणि वकिलांच्या ओसरीवर नेऊन टाकलं.

इंदापुरात हाडं बसवणारे एक तात्या होते. त्यांनी माझ्या तोंडात फडकं कोंबलं, तिघांना माझ्यावर बसवलं आणि गुडघा जागेवर आणला. तीन आठवडे मी त्या ओसरीवर पाय लांब करून पडून होतो. ज्या बॅकनं मला पाडलं तो रोज येऊन बसायचा आणि जाताना चोरट्यासारखा मान खाली घालून जायचा. निघायच्या दिवशी तात्यांनी मला दम भरला, "पळायचं इसर. आन सा म्हैनं वझं उचलायचं न्हाय. उचललंस तर ह्यो पाय जलमभर वढत नेशील." वझं म्हणजे ओझं, आणि ओझ्यावर सगळं अडणार होतं.

त्याच दिवशी वकीलही माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "तुझा तो विडा-सुपारीचा करार कोर्टात दोन मिनिटं टिकणार नाही. परत जाऊच नकोस. इथं राहा, पाय बरा झाला की आमच्याकडून खेळ." माणूस भला होता, तीन आठवडे त्यानं मला जेवू घातलं होतं. पण मला राग आला. मी म्हणालो, "वकीलसाहेब, साल मोडून पळाया मी चोरी केली न्हाय. पाडव्यानंतर इचारा." ते हसले आणि म्हणाले, मूर्ख आहेस. असेन. पण शेठजींनी मला कापसासाठी टाकलं म्हणून मी त्यांना टाकावं, हे मला पटेना. मला पुढच्या दारानं बाहेर पडायचं होतं.

सर्व्हिसच्या मोटारीनं बारामतीला आलो. आबा स्टँडवर उभा होता. त्याच्या खांद्यावर हात टाकून मी तसाच शेठजींकडं गेलो. त्यांनी पायाकडं बघितलं आणि आतून पंचांग मागवलं. "आजपतूर एकवीस दिवस झालं. अजून बरा व्हायला म्हैना-दीड म्हैना धर. तेवढं खाडं पाडव्यानंतर भरून दे. खेळणं काय आता व्हत न्हाय, जिनात कापूस वाहा."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. मी म्हणालो, "शेठजी, मी तुमच्या कामात मोडलोय. ह्येचा खाडा धरत न्हाईत."

"काम कसलं? खेळत व्हतास. गडी जत्रंत कुस्ती खेळून हात मोडून आला तर धरतात का न्हाय?"

"कुस्तीला गडी आपल्या पायानं जातो. मला तुमी लॉरीत घालून नेलं."

"नेलं. पण खेळ त्यो खेळच."

काम म्हणजे घाम, घाम म्हणजे ओझं, आणि चेंडूमागं पळणं ही मजा, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. मला नेमका त्याचाच संताप होता. अकरा माणसांना खेळासाठी बांधून घेतलं त्यांनी, खेळावरून मुंबईपर्यंत मिरवलं त्यांनी, आणि पाय मोडला तेव्हा खेळ माझा झाला. त्यात चैत्र-वैशाखाच्या उन्हात कापसाची ओझी वाहणं म्हणजे तात्यांनी सांगितलं होतं तेच. पाय गेला. मी एकवीस वर्षांचा होतो आणि माझ्याकडं पायांशिवाय दुसरं काही नव्हतं.

मी चावडीवर दाद मागितली. माघात एका दुपारी पाटलांनी चार जाणती माणसं बसवली. शेठजींनी आपली बाजू सांगितली, मी माझी सांगितली. असला तंटा याआधी त्या चावडीत आलाच नव्हता. मग पाटील माझ्या बापाकडं वळले. म्हणाले, "आबा, तू बारा सालं गडी व्हतास. पोराचं इसर आन रीत सांग. खेळात मोडलं तर खाडा धरत्यात का?"

आबा उठून उभा राहिला. त्यानं मुंडासं नीट केलं. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाला, "खेळात मोडलं तर खाडा भराया लागतो. रीत अशीच हाय."

माझ्या कानाखाली कुणी वाजवली असती तर बरं वाटलं असतं. माझा बाप, मला स्टँडवरून खांद्याचा आधार देऊन आणणारा, त्यानं भर चावडीत मला बुडवलं. मी काठीवर जोर देऊन उभा राहिलो आणि ओरडलो, "मग त्यास्नी हेबी इचारा, जे काम न्हाय ते कराया मालक गड्याला लावतो कसा? खेळ काम न्हाय तर आमी अकराजणांनी सालभर केलं काय?" पाटील म्हणाले, खाली बस. मी बसलो नाही. निकाल लागला. पाडव्यानंतर खाडे भरून द्यायचे.

बाहेर आल्यावर शेठजी मवाळ झाले. फाल्गुनात, रंगपंचमीनंतर, इंदापूरची टीम बारामतीला यायची होती. ढाल ठेवली होती, प्रांतसाहेब बक्षीस द्यायला येणार होते. शेठजी म्हणाले, "लोकांस्नी तू पायजेस. पट्टी बांधून मैदानात नुसता हुबा ऱ्हा, चार लाथा मार. सगळं खाडं माफ." मी विचारलं, "माफ कशाबद्दल? गुन्हा काय माझा?" ते म्हणाले, भाव खाऊ नकोस. मी त्या पायानं मैदानात उभा राहणार नव्हतो, आणि माफी तर मला मुळीच नको होती. मला माझं पाहिजे होतं.

घरी मी आबाशी बोलणं टाकलं. तो रोज सकाळी एरंडाची पानं तव्यावर गरम करून माझ्या गुडघ्याला बांधायचा. मी भिंतीकडं तोंड करून बसायचो. आईनं एकदा मध्ये पडून बघितलं. आबा तिला एवढंच म्हणाला, "मला रीत इचारली, म्या रीत सांगितली. मला पोरगा कसा हाय ते कुनी इचारलं न्हवतं." हे ऐकून मी आणखीच चिडलो. खरं बोलणारा माणूस घरात असणं किती जाचाचं असतं, ते ज्याच्या घरात असेल त्यालाच कळेल.

फाल्गुन लागला तसा मी काठी टेकत मैदानावर गेलो. सराव चालला होता. दहाजण घाम पुसत भोवती जमले, कसा आहेस, काय आहेस झालं. मी म्हणालो, "माझं सोडा. उद्या तुमच्यातल्या एकाचा मोडला तर?" एकजण म्हणाला, "आता साल संपत आलंय, कशाला उगी वाकड्यात शिरायचं." दुसरा म्हणाला, शेठजींनी वहाणासुद्धा दिल्या. मी त्याला असं काही बोललो की ते इथं लिहिता येत नाही. गोली मात्र खाली बसून पायाच्या पट्ट्या सोडत होता. सोडता सोडता म्हणाला, "चावडीत ठरलंय ना, खेळ म्हंजी काम न्हाय? मग कामाच्या येळंला आपुन खेळायचं कसं? खाडा पडंल की."

मला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं, आणि त्या सगळ्या दिवसांत मी पहिल्यांदा हसलो.

सामन्याच्या दिवशी दुपारी जिनमागच्या मैदानाला माणसांचं रिंगण पडलं होतं. पताका, मांडव, मांडवात खुर्च्या, मधल्या खुर्चीत प्रांतसाहेब. इंदापूरची टीम चुन्याच्या रेघेआड येऊन उभी राहिली. वकील पंचा झटकत इकडंतिकडं बघत होते. हवालदारानं शिट्टी वाजवली. आमच्या बाजूला कुणीच नाही. दुसरी शिट्टी झाली. मग लोकांच्या लक्षात आलं की जिनचं मागचं दार उघडं आहे आणि आत बारामतीची टीम कापूस वाहतेय. दहाजण, ओळीनं, डोक्यावर पोती घेऊन, आत टाकून परत येत होते. मी दाराशीच पोत्यांच्या ढिगावर पाय लांब करून बसलो होतो. ओझं मी उचललं नाही.

शेठजी पळत आले. धोतर सावरत ओरडले, "अरं, काय चाललंय? खेळाया चला!"

गोलीनं डोक्यावरचं पोतं खालीसुद्धा ठेवलं नाही. "शेठजी, आमी कामाचं गडी. कामाच्या टायमाला हौस केली तर खाडा पडतो."

"न्हाय धरत खाडा! चला!"

"आमचा न्हाय धरत, आन त्येचा?" त्यानं मानेनं मला दाखवलं.

"त्येचाबी माफ केला."

मी ढिगावरून म्हणालो, "माफी नगं. खेळ काम हाय का न्हाय, तेवढं सांगा."

तोवर रिंगणातली माणसं दाराशी गोळा झाली होती आणि हसायला लागली होती. गर्दी बघून प्रांतसाहेब उठून आले. त्यांनी वकिलांना विचारलं काय भानगड आहे, आणि चावडीचा निकाल गोलीकडून आधीच ऐकलेल्या वकिलांनी अगदी चवीनं, एकही गोष्ट न गाळता, सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग शेठजींकडं वळून साध्या आवाजात विचारलं, "ही माणसं आज मैदानात उतरणार ती कशासाठी? तुमच्या कामासाठी की आपल्या हौसेसाठी?"

शेठजींनी माझ्याकडं बघितलं, गड्यांकडं बघितलं, मांडवातल्या खुर्च्यांकडं बघितलं. पाहुणे आले होते, चहाची पातेली चढली होती. "कामासाठी, साहेब," ते म्हणाले. "खेळ हेच त्यांचं काम."

दहा पोती एकदम जमिनीवर आदळली आणि गडी धावत मैदानात गेले. मी मोठ्यानं हसलो. शेठजी अजून दाराशीच होते, त्यांनी ते ऐकलं. माझं हसणं ऐकून त्यांचा चेहरा उतरला नाही, आवळला. मी तेव्हा तोंड आवरायला हवं होतं असं लोक म्हणतात. म्हणोत.

सामना आम्ही हरलो. चार गोलांनी. दुपारभर ओझी वाहून पोरांचे पाय भरून आले होते, आणि माझ्या जागेवर जिनच्या इंजिनवाल्याला उभं केलं होतं, त्याला चेंडू कुठला आणि माणूस कुठला ते कळत नव्हतं. ढाल इंदापूरला गेली. जाताना वकील मला भेटले, पाठ थोपटली, गुडघा नीट निरखून बघितला आणि पाडव्यानंतरचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. मोडका गडी कुणाला हवा असतो? त्यांचंही काही चुकलं असं मी म्हणत नाही, पण मला लागायचं ते लागलं.

मग पाडवा आला. साल संपलं की मालक गड्याच्या हातावर गूळ ठेवतो आणि 'साल फिटलं' म्हणतो. ते तोंडानं म्हणावं लागतं. म्हटलं नाही तर गडी अडकला, त्याला दुसरं कुणी दारात उभं करत नाही. आम्ही अकराजण पुन्हा त्या अंगणात उभे राहिलो. दारात गुढी उभी होती. शेठजींनी दहाजणांच्या हातावर गूळ ठेवला, दहा वेळा साल फिटलं म्हणाले, आणि शेवटी सांगितलं की पुढच्या सालाला टीम नाही, विडे नाहीत, हौस फिटली. दहाजण बाहेर पडले. त्यांतल्या दोघांनी जाताना माझ्याकडं असं बघितलं की मी समजलो. तुझ्यामुळं टीम मोडली, असं ते पुढं कितीतरी वर्षं म्हणत राहिले. मोडली. माझ्यामुळंच मोडली. एका पायाला टाकून देणारी टीम मोडल्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

माझ्यापाशी येऊन शेठजी म्हणाले, "तुझं नंतर बघू," आणि आत गेले.

मी तिथंच उभा राहिलो. ऊन वर आलं. काठीवर भार देऊन हात बधिर झाला, गुडघा ठणकायला लागला. आतून तळणाचा वास येत होता. शेठजी एकदा बाहेर डोकावले, "जा की घरी, सणाचा दिवस हाय." मी म्हणालो, "साल फिटलं म्हना, जातो." ते आत गेले. पुन्हा आले, पुन्हा तेच. अंगणाच्या भिंतीपलीकडं माणसं उभी राहायला लागली. मला घेरी येत होती, पण तिथं मी बसणार नव्हतो. बसलो असतो तर सगळंच बसलं असतं.

भिंतीपलीकडच्या माणसांतून आबा पुढं आला. सणाचं धुतलेलं धोतर नेसलेला. माझ्याकडं न बघता तो शेठजींच्या पायरीशी गेला आणि रामराम केला. शेठजींना धीर आला. म्हणाले, "ये आबा. तूच समजाव. तूच चावडीत सांगितलंस ना, खेळात मोडलं तर खाडा?"

"सांगितलं," आबा म्हणाला. "तवा चावडीचं म्हननं व्हतं खेळ म्हंजी काम न्हाय. मग सायबाम्होरं तुमी सवता म्हनला, खेळ हेच काम. मालकानं सांगितलं ते काम, आन कामात मोडलं तर खाडा धरत न्हाईत. रीत अशीच हाय. तवा मला कुनी फिरून इचारलं न्हाय, म्हनून आता सांगाया आलो." मग म्हणाला, "पोरगं सकाळपास्नं हुबं हाय, शेठजी. साल फिटलं म्हना."

बारा सालांत एक खाडा नसलेला माणूस बोलत होता. शेठजी आत गेले, गुळाचा खडा घेऊन आले, माझ्या हातावर ठेवला आणि पुटपुटले. आबा म्हणाला, "मोठ्यानं." शेठजी मोठ्यानं म्हणाले, "साल फिटलं." मी तो गूळ तिथंच, त्यांच्यासमोर, खाल्ला.

अंगणाबाहेर आल्यावर मला वाटलं आबा खांदा पुढं करील. त्यानं हात पुढं केला तो काठीसाठी. "काठी हिकडं दे. जिनच्या फाटकापतूर लंगडायचं न्हाय."

फाटक दीडशे पावलांवर होतं आणि तिथं ते दहाजण उभे होते. मी चाललो. कसा चाललो ते माझं मला माहीत. दात एकमेकांवर इतके दाबले होते की जबडा दोन दिवस दुखत होता. गोलीनं हात वर केला, मी मान हलवली, आणि आम्ही फाटकावरून पुढं गेलो. वळणाच्या पलीकडं, जिथून जिन दिसत नाही तिथं, माझा पाय खाली टेकेना. आबानं मागं वळून बघितलं, काठी रस्त्याकडेला ठेवली आणि माझ्यापुढं उकिडवा बसला.

"बस पाठीवर," तो म्हणाला.

एकवीस वर्षांचा घोडा मी, आणि त्याचे केस पांढरे झालेले. मी म्हणालो, "आबा, लोक बघत्यात."

"बघू दे. आता तू कुनाचा गडी न्हाईस."

मी बसलो. कॅनॉलपर्यंत त्यानं मला खाली ठेवलं नाही.